धरणाला तारीख असते, समुद्राला नसते

मुरूडच्या किनाऱ्यावरून होडीने कधी पद्मदुर्गावर गेलात, तर तिथला तट जरा जवळून बघा. तटाचे दगड झिजून आत गेलेले दिसतील आणि त्या दगडांना जोडणारा चुना मात्र तसाच बाहेर उभा असलेला दिसेल. एरवी आपण म्हणतो, दगड टिकतो आणि चुना झडतो. इथे उलटं झालंय. साडेतीनशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यापुढे आणि लाटांपुढे दगड हरला, गवंड्याचा चुना मात्र जिंकला. ही त्या काळच्या कारागिरांना मिळालेली शाबासकी आहेच. पण दगडाचं काय झालं तेही त्याच भिंतीवर लिहिलेलं आहे.

समुद्राचं पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतं. ऊन पडलं की पाणी उडून जातं आणि मीठ आत राहतं. मिठाचे स्फटिक वाढताना दगडाला आतून ढकलतात आणि कणाकणाने दगडाचा पापुद्रा सुटत जातो. भरती, ओहोटी, ऊन, पुन्हा भरती. दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही जबलपूरचे. मुंबईला जायचं तरी रेल्वेने हजारेक किलोमीटरचा प्रवास. आमच्या अंगणात नर्मदा आहे, समुद्र नाही. मग कोकणातल्या तटाची काळजी आम्ही कशाला करायची?

उत्तर सोपं आहे. पाणी वर चढतं तेव्हा काय काय जातं, हे नर्मदाकाठच्या माणसाइतकं कुणाला ठाऊक असणार?

बुडणं आपल्याला नवीन नाही

जबलपूरपासून जवळच असलेलं बरगीचं धरण १९९० साली पूर्ण झालं. मंडला, सिवनी आणि जबलपूर या जिल्ह्यांतली १६२ गावं त्यामुळे बाधित झाली. पुढे २००४ मध्ये इंदिरा सागरच्या पाण्यासाठी हरसूद हे नांदतं शहर रिकामं करावं लागलं. लोकांनी आपल्या घरांच्या भिंती स्वतःच्या हातांनी पाडल्या, चौकटी आणि दारं गाड्यांवर घालून नेली. जे नेता आलं नाही ते पाण्याखाली राहिलं. घाटाच्या पायऱ्या, पारावरचा देव, शेताच्या बांधावरचा जुना दगड आणि त्या दगडाला गावाने दिलेलं नाव.

ही दुःखं मोठी आहेत आणि त्यांचे हिशेब अजून पूर्ण झालेले नाहीत. पण धरणाच्या बाबतीत एक गोष्ट निदान ठरलेली असते. पाणी कुठपर्यंत येणार ते नकाशावर आखलेलं असतं आणि कधी येणार तेही आधी कळतं. त्यामुळे मनात आणलं तर पाण्याआधी धावता येतं.

आंध्र प्रदेशातलं नागार्जुनकोंडा हे त्याचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण. कृष्णा नदीच्या खोऱ्यात इक्ष्वाकू राजांची जुनी राजधानी होती. स्तूप होते, विहार होते, प्रेक्षकांना बसायला पायऱ्या असलेलं एक बांधीव क्रीडांगणही होतं. नागार्जुनसागर धरणाची पायाभरणी १९५५ साली झाली. त्याआधीच, म्हणजे १९५४ पासून, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे मोठं उत्खनन हाती घेतलं आणि ते १९६० पर्यंत चाललं. खोरं बुडालं, पण निवडक वास्तू उचलून टेकडीच्या माथ्यावर आणि काठावरच्या अनुपू इथे पुन्हा रचल्या गेल्या. ती टेकडी आज बेट झाली आहे. तिथल्या संग्रहालयात जायला लाँचने जावं लागतं.

त्याच काळात इजिप्तमध्ये आस्वान धरणाचं पाणी अबू सिंबेलच्या मंदिरांपर्यंत येणार होतं. १९६४ ते १९६८ या चार वर्षांत ती मंदिरं मोठमोठे ठोकळे कापून सुमारे ६५ मीटर उंचावर आणि २०० मीटर मागे नेऊन पुन्हा जोडण्यात आली. अनेक देशांनी पैसा दिला, तंत्रज्ञ दिले. त्या मोहिमेतून मिळालेल्या धड्यातूनच पुढे १९७२ चा जागतिक वारसा करार उभा राहिला.

दोन्ही ठिकाणी तारीख माहीत होती, म्हणून हे जमलं. समुद्र मात्र अशी तारीख देत नाही. किनाऱ्यावरच्या जुन्या जागांची खरी अडचण हीच आहे.

वीतभर पाणी, पण कुणासाठी?

हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगभरातली समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. म्हणजे जेमतेम एक वीत. विसाव्या शतकाच्या पहिल्या सत्तर वर्षांत हा वेग वर्षाला साधारण १.३ मिलिमीटर होता. २००६ ते २०१८ या काळात तो ३.७ मिलिमीटरवर गेला. म्हणजे जवळजवळ तिप्पट. या शतकाच्या अखेरीपर्यंत, आपण किती कार्बन हवेत सोडतो त्यावर अवलंबून, साधारण अर्ध्या मीटरपासून एक मीटरपर्यंत वाढीची शक्यता त्या अहवालात धरलेली आहे. प्रदूषण फार झपाट्याने कमी केलं तर ती त्याहून कमीही राहू शकते.

दहा वर्षांत दोन बोटं पाणी वाढलं तर कुणाचं काय बिघडतं, असं वाटणं साहजिक आहे. पण समुद्र बादलीतल्या पाण्यासारखा शांतपणे वर येत नाही. त्या दोन बोटांवर स्वार होऊन वादळाची लाट येते. पूर्वी जी लाट तटाच्या पायाशी फुटायची ती आता थोडी वर फुटते. पूर्वी वीस वर्षांतून एकदा जिथे पाणी यायचं, तिथे ते वरचेवर येऊ लागतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळलं, पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. ज्यांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या त्या दिवसांत आडव्या झाल्या, त्यांना 'सरासरी' या शब्दाचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

शिवाय दोष एकट्या हवामानाचा नाही. वाळूचा उपसा होतो, खाड्यांवर बांधकामं होतात, बंदरांसाठी समुद्रात भिंती टाकल्या जातात. एका ठिकाणी भिंत घातली की लाटेचा जोर शेजारच्या गावाकडे वळतो. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातली उपग्रह चित्रं तपासली, तेव्हा भारताच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी ३३.६ टक्के किनारा कमी-अधिक प्रमाणात झिजत असल्याचं दिसलं. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण एक चतुर्थांश आहे.

मडकं महत्त्वाचं की त्याची जागा?

समुद्र नेमकं काय नेतो ते समजून घ्यायला पुन्हा घराजवळ येऊ. जबलपूरहून भेडाघाटच्या वाटेवरचं तेवर हे गाव तुम्ही पाहिलं असेल. ते कलचुरींचं त्रिपुरी. १९५२ साली सागर विद्यापीठातर्फे डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं. अशा जागी माती कापत खाली गेलं की थरावर थर लागतात. वरचा थर नवा, खालचा जुना. प्रत्येक थरातली खापरं, मणी, नाणी, राख आणि विटा एकमेकींची साक्ष देतात. एखादं खापर कुठल्या थरात, कशाच्या शेजारी सापडलं हे माहीत असेल तरच ते बोलतं. तेच खापर नदीच्या वाळूत एकटं सापडलं तर ते नुसतं खापर.

आजीच्या पेटीत एक जुनं पत्र सापडलं आणि पाकीट, तारीख, नाव सगळं गायब असलं तर आपण काय वाचणार? शब्द असतील, पण कुणी कुणाला आणि कधी लिहिलं तेच कळणार नाही. समुद्र आधी तो पत्ताच पुसतो. दगडी किल्ला पडताना सगळ्यांना दिसतो, त्याची बातमी होते. मातीचा थर मात्र एका पावसाळ्यात गुपचूप जातो. तो गेला हे कळायला, तो तिथे होता हे तरी कुणाला माहीत असावं लागतं.

याच कारणाने अभ्यासक सांगतात की जुन्या जागेला सर्वांत जास्त धोका असतो तो लाटा फुटतात त्या पट्ट्यात. खोल पाण्यात, गाळाखाली पुरलेली वस्तू उलट छान टिकते, कारण तिथे हवा पोचत नाही. मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना, १८७८ च्या सुमारास, समुद्राच्या पातळीखाली जंगल सापडलं होतं. कित्येक झाडांची खोडं मुळांसकट उभीच होती! तिथली जमीन कधीतरी कोरडी होती याचा तो पुरावा. गाळाने तो हजारो वर्षं जपून ठेवला.

कोकणच्या किनाऱ्यावर काय पणाला लागलंय

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, तेव्हा आपल्या सगळ्यांच्या फोनवर अभिनंदनाचे निरोप फिरले. त्या बारांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार किल्ले थेट समुद्राशी झुंजणारे आहेत. शत्रूच्या तोफा कधीच थंडावल्या, पण लाटांचा वेढा कधी उठलाच नाही.

मालवणच्या कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. बांधकामाला सुमारे तीन वर्षं लागली. पायाचे दगड बसवताना शिसं ओतल्याचं सांगतात. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. किल्ल्यावर आजही काही कुटुंबं राहतात. बेटावर गोडं पाणी कसं टिकतं? पावसाचं मुरलेलं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं, ते वरच्या वर तरंगत राहतं. समुद्राची पातळी वाढली, वादळात लाटा आत आल्या, तर अशा विहिरी मचूळ होण्याचा धोका असतो. म्हणजे इथे धोका फक्त तटाला नाही. ज्या हुशारीमुळे हा किल्ला राहण्याजोगा झाला, ती हुशारीच पणाला लागली आहे.

अलिबागचा कुलाबा किल्ला बघा. तिथल्या तटाचे मोठमोठे दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींमध्ये शिरतं आणि तिचा जोर मोडतो. पद्मदुर्गाला चुना, कुलाब्याला फटी. त्या माणसांनी समुद्राचा स्वभाव ओळखून प्रत्येक जागी वेगळं उत्तर दिलं होतं. म्हणून डागडुजी करताना फटींमध्ये सरसकट सिमेंट भरणं म्हणजे त्यांचं उत्तर खोडून आपलं चुकीचं उत्तर लिहिणं. पाण्याला बाहेर पडायची वाट मिळाली नाही की ते भिंतच ढकलतं.

आता किल्ल्यांपलीकडे बघू. अलिबागजवळच किनाऱ्यावर अक्षी नावाचं गाव आहे. तिथला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जातो. शिलाहार राजा केसिदेवाच्या काळातला हा लेख मराठीतला सर्वांत जुन्या लेखांपैकी एक आहे. त्याचा उल्लेख झाल्याशिवाय आपल्या भाषेचा इतिहास सुरूच होत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण जबलपूरच्या मराठी मंडळींनीही पेढे वाटले असतील. त्या भाषेचा एवढा जुना दगड कुठल्या राजवाड्यात नाही, समुद्रकाठच्या एका साध्या गावात आहे. खाऱ्या हवेत अक्षरांची धार किती दिवस राहणार?

दापोली तालुक्यातलं केळशी तर याहून बोलकं. खाडीच्या तोंडाशी तिथे वाळूचं उंच टेकाड आहे. गावाला ते नुसतं वाळूचं टेकाड वाटावं असंच होतं. पुलाच्या कामासाठी त्याचा काही भाग कापला गेला आणि आतून मध्ययुगीन वस्तीच्या खुणा बाहेर आल्या. खापरं, नाणी, माणसांची हाडं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी त्या थरांचा अभ्यास केला आणि एवढी वाळू इथे त्सुनामीच्या लाटेने आणून टाकली असावी असं मत मांडलं. १५२४ साली वास्को द गामाची जहाजं दाभोळजवळ असताना समुद्र हादरल्याची नोंद पोर्तुगीज लेखकांनी करून ठेवली आहे. दाभोळ केळशीपासून फार लांब नाही. टेकाड नेमकं कसं तयार झालं यावर अभ्यासकांमध्ये चर्चा होत राहील. पण तो पुरावा जागेवर असेपर्यंतच तिला अर्थ आहे. कोकणाला पूर्वी त्सुनामी बसली होती का, हा काही फक्त इतिहासाचा प्रश्न नाही. आज किनाऱ्यावर शाळा आणि दवाखाना कुठे बांधायचा, याचं उत्तरही त्या वाळूच्या थरांत आहे.

समुद्र मागेही जातो

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. समुद्र सगळीकडे पुढेच येतो असं नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या प्रवासपुस्तिकेत सोपारा, कल्याण आणि चौल या आपल्या बंदरांची नावं आहेत. आज नालासोपाऱ्याला लोकलने उतरलात तर बंदर शोधून सापडणार नाही. खाड्या गाळाने भरल्या, किनारा दूर गेला. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथल्या 'बुरुड राजाचा कोट' नावाच्या टेकाडात स्तूप शोधून काढला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांनाच सोपाऱ्यात मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली भुईगाव इथे, समुद्राच्या बाजूला सापडला.

म्हणजे किनारा ही कधीच पक्की रेघ नव्हती. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, जगातला समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. तेव्हाचे किनारे आणि त्यावर वावरणारी माणसं आज पाण्याच्या पोटात आहेत. गुजरातमध्ये द्वारकेच्या समुद्रात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या डॉ. एस. आर. राव यांच्या चमूने १९८० च्या दशकात पाणबुड्यांच्या मदतीने शोध घेतला. तिथे बांधकामाचे दगड आणि मोठ्या संख्येने दगडी नांगर मिळाले. त्यांचा काळ कोणता यावर अजून एकमत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे नव्याने पाण्याखालचं सर्वेक्षण सुरू केलं.

पूर्व किनाऱ्यावर २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने एका बाजूला हजारोंचा जीव घेतला, तर दुसऱ्या बाजूला महाबलीपुरमजवळ वाळू ओढून नेऊन जुने दगड उघडे केले. त्यानंतर तिथे मंदिराचे अवशेष खणून काढण्यात आले. समुद्र कधी दाखवतो, कधी लपवतो. मग आज वेगळं काय? वेगळं एवढंच की हा बदल पूर्वी पिढ्यानपिढ्या चालायचा, आता एका माणसाच्या आयुष्यात दिसू लागला आहे. आणि किनाऱ्याला मागे सरकायला जागा उरलेली नाही, कारण मागे रस्ता आहे, हॉटेल आहे, आपलं घर आहे.

बाकीच्या जगाने काय केलं

स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर १८५० साली एका वादळाने वाळू उडवली आणि स्कारा ब्रे नावाचं सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचं गाव उघडं पडलं. दगडी खाटा, दगडी फडताळं, चुली, सगळं जागच्या जागी. १९२४ साली दुसऱ्या वादळाने त्यातल्या एका घराचा भाग ओढून नेला, तेव्हा समुद्राच्या बाजूला भिंत बांधली गेली. भिंतीने गाव वाचवलं, पण भिंतीच्या दोन्ही टोकांना किनारा झिजतच राहिला.

अमेरिकेत केप हॅटरस इथलं १८७० चं दीपगृह समुद्राच्या तोंडाशी आलं. १९९९ साली ते आख्खं दीपगृह रुळांवरून ढकलत सुमारे ८८० मीटर मागे नेलं. दीपगृह नेता येतं. सिंधुदुर्ग नेता येणार नाही. त्याचं बेट हाच त्याचा अर्धा अर्थ आहे.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या २८४ वारसास्थळांचा एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यातली ५६ स्थळं मोठ्या सागरी पुराच्या टप्प्यात आजच आहेत आणि २०५० पर्यंत ही संख्या तिपटीहून जास्त होईल, असं त्यात मांडलं आहे. एवढ्या जागी भिंती कोण बांधणार? म्हणून स्कॉटलंडने आणखी एक साधा मार्ग धरला. सामान्य लोकांच्या फोनमध्ये एक अॅप दिलं. फिरायला जाणाऱ्यांनी आपापल्या किनाऱ्यावरच्या जुन्या जागांची स्थिती बघायची, फोटो काढायचे, नोंद पाठवायची. तज्ज्ञांनी त्यातून सर्वांत जास्त धोक्याच्या जागा निवडायच्या आणि तिथे आधी धावायचं.

सगळं वाचणार नाही, मग काय वाचवायचं?

हा प्रश्न अवघड आहे आणि त्याचं गोड उत्तर नाही. एका कोळीवाड्यात पैसा थोडाच असेल, तर तो जुन्या तटासाठी वापरायचा की लोकांच्या घरांपुढच्या बंधाऱ्यासाठी? ज्याच्या घरात भरतीचं पाणी येतं त्याला आपण शिलालेखाचं महत्त्व सांगायला गेलो, तर तो आपल्याकडे कसा बघेल? आधी माणूस. बरगीच्या आणि हरसूदच्या अनुभवानंतर आपल्याला यावर वाद घालायचा अधिकार नाही.

पण माणूस आणि वारसा यांत नेहमीच निवड करावी लागते असंही नाही. खारफुटीचं जंगल राखलं तर लाटेचा जोर मोडतो, मासळीला आसरा मिळतो आणि मागची जुनी जागाही वाचते. वाळूचा उपसा थांबला तर गावही सावरतं आणि टेकाडही. आणि जिथे काहीच वाचवणं शक्य नाही तिथे एक गोष्ट तरी नक्की करता येते. जाण्याआधी नीट नोंद. मोजमाप, छायाचित्रं, नकाशा, थरांचा अभ्यास आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. नागार्जुनकोंड्यातही सगळं उचलून नेता आलं नव्हतं. पण जे बुडालं ते लिहून ठेवल्यामुळे आज आपल्याला माहीत आहे. बुडलेलं आणि नोंदलेलं हे एक. बुडलेलं आणि कुणालाच माहीत नसलेलं हे दुसरं. दुसरं खरं मरण.

तुमच्या हातातल्या फोनचं काम

येत्या सुट्टीत कोकणात जाणार असाल तर या काही गोष्टी जरूर करा.

● सेल्फी काढाच, पण एक फोटो नुसत्या भिंतीचाही काढा. शेजारी पेन किंवा पट्टी ठेवा म्हणजे भेगेचा आकार कळेल. तारीख आणि ठिकाण फोनमध्ये नोंदलं जाईल असं बघा.

● घरी जुना अल्बम असेल तर शोधा. आजोबांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी किल्ल्यावर काढलेला फोटो आणि त्याच जागेवरून काढलेला तुमचा फोटो शेजारी ठेवला, तर समुद्राची चाल डोळ्यांना दिसते. मुलांना हा खेळ फार आवडेल.

● वाळूत खापर, नाणं, कोरलेला दगड दिसला तर उचलू नका. जागेवरच फोटो काढा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

● असं काही दिसल्यास राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला कळवा. नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. चोरटे तुमच्याआधी पोचतात.

● जलदुर्गावर जाताना भरती-ओहोटीची वेळ स्थानिक होडीवाल्यांना विचारा. कुलाब्याला ओहोटीत चालत जाता येतं, पण परतायची वेळ समुद्र ठरवतो. झिजलेल्या तटावर चढू नका. तुमच्यासाठी आणि तटासाठी, दोघांसाठी.

आणि कोकणात जाणं झालंच नाही तर? ग्वारीघाट आहे, तिलवारा घाट आहे, लम्हेटा घाट आहे. दर पावसाळ्यानंतर नर्मदा काठ कापते, पायऱ्या उचकटते, कधी एखादी मूर्ती उघडी पाडते. घाटावरच्या एका जुन्या दगडाची, एका लेखाची जबाबदारी तुमच्या घराने घ्यावी. दिवाळीच्या आधी एक फोटो, होळीनंतर एक फोटो. आजीला विचारून त्या जागेची गोष्ट लिहून ठेवा. घरात कुणी दहावी-बारावीत असेल तर त्याच्याकडून मोजमापं घ्या.

पाच वर्षांनी तुमच्याकडे दहा फोटो असतील. तुम्हाला ते साधे वाटतील. पण एखादा अभ्यासक जेव्हा विचारेल की ही पायरी कधी गेली, तेव्हा शहरात उत्तर असलेलं घर तुमचंच असेल.